कोणीतरी शब्द द्या त्याला

गोव्यातील मराठी नाट्यमंडळे, नाट्यलेखक, दिग्दर्शक आणि नाट्यस्पर्धा भरवणाऱ्या संस्था यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी जत्रेच्या रात्री आमच्या गावच्या मांडवात नाटक होते. आईला हल्ली मी गर्दीत नेत नाही. पण लाउडस्पीकरवरून नांदी ऐकू आली की ती चप्पल घालून अंगणात येऊन उभी राहते, आणि मग तिला आत नेणे माझ्या हातचे राहत नाही. म्हणून गेलो. मागच्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्या धरून बसलो.

दुसऱ्या अंकात एक आजोबा आले. धोतर एका बाजूने सुटलेले, चष्मा कपाळावर. ते सुनेला विचारतात, "मी जेवलो का गं?" ती म्हणते, जेवलात. ते वळतात, चार पावले जातात, परत येतात. "मी जेवलो का गं?" हशा. पुन्हा जातात, पुन्हा येतात. दर खेपेला आवाज जरा अधिक बोबडा, मान जरा अधिक वाकडी, आणि हशा अधिक मोठा. पहिल्या दोन वेळा आईही हसली. तिसऱ्या वेळी थांबली. चौथ्या वेळी तिने माझे कोपर घट्ट धरले आणि म्हणाली, "अडकला गो तो. विंगेत कोण आहे? कोणीतरी शब्द द्या त्याला."

मी म्हटले, "आई, ते नाटकातलेच आहे." तिला ते पटले नाही. पाचव्या वेळी ती उठून उभी राहिली आणि भर मांडवात ओरडली, "शब्द द्या त्याला!" पुढच्या रांगेतली माणसे वळून बघू लागली. एकाने तोंडावर बोट ठेवले. मी तिला हाताला धरून बाहेर आणले. घरी पोहोचेपर्यंत ती मला विचारत होती, "मिळाला गो त्याला शब्द?" मी प्रत्येक वेळी सांगितले, मिळाला.

त्या मंडळाचे नाव मी घेत नाही. पोरे मेहनती होती, आणि असाच प्रवेश मी इतर मंडळांच्या नाटकांतही पाहिला आहे. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, आणि ते लिहिणारी बाई रंगमंचाच्या मागच्या बाजूला वाढलेली आहे.

माझी आई नाटकात काम करायची. गावोगावच्या उत्सवी नाटकांना स्त्री-भूमिकेसाठी बाहेरून ज्या बायका बोलावत, त्यांपैकी ती एक. साठच्या दशकाच्या शेवटी सुरुवात केली, तीस वर्षे केले. गावच्या पुरुषांनी महिनाभर तालमी केलेल्या असत. आई आदल्या दिवशी पोहोचे, एक रंगीत तालीम करी आणि रात्री उभी राही. मोसमात वीस-बावीस गावे. आज जिजाबाई, परवा एखाद्या सामाजिक नाटकातली सवत, त्याच्या दुसऱ्या दिवशी द्रौपदी. एकाच वेळी आठ-दहा नकला, म्हणजे वहीत उतरवून घेतलेले भूमिकांचे संवाद, तिच्या डोक्यात असत आणि एकीतले वाक्य दुसरीत गेलेले कोणी ऐकले नाही. दुपारी भाकऱ्या थापताना ती पाठ करायची आणि मी पाटावर बसून नक्कल हातात धरून तिला शब्द द्यायचे. घरात आम्ही कोकणीत बोलायचो, पण चुलीपाशी दुपारभर मराठी चालायची. माझी मराठी तिथून आली. शब्द कसा द्यायचा तेही तिनेच शिकवले: सबंध वाक्य सांगायचे नाही. पहिला शब्द द्यायचा आणि थांबायचे. बाकीचे नट स्वतः आणतो.

त्याच आईला गेली सहा वर्षे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, आहे. सकाळी पेज घेतली की नाही हे तिला दहा मिनिटांनी आठवत नाही. मी तिची मुलगी की मंडळाची कोणी बाई, हे दिवसावर अवलंबून. कधी विचारते, "तूं कोण गो?" गळ्यातले मी चोरले म्हणून एकदा तिने मला फणी फेकून मारली, गळ्यातले तिच्याच पोलक्याच्या आत होते. आणि रोज संध्याकाळी पाच वाजता ती तयार होते. केस विंचरते, तोंडाला पावडर लावते, पिशवीत एक लुगडे, आरसा आणि पिनांची डबी भरते आणि बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, येऊन बसते. न्यायला गाडी यायची असते. नाटकवाल्यांची गाडी पाच-साडेपाचलाच यायची.

एकदा मी शाळेतून यायला उशीर केला आणि ती गाडीची वाट न बघता निघाली. हमरस्त्यावर एका पायलटाला, म्हणजे मोटरसायकलवरून भाड्याने माणसे नेणाऱ्याला, तिने हात केला आणि म्हणाली, मांडवाकडे सोड. त्या भल्या माणसाने तिला मोटरसायकलवर बसवून देवळापाशी नेले. तिथे चिटपाखरू नव्हते. तो तिला एकटीला टाकून गेला नाही. पुजाऱ्याला विचारत विचारत घरी घेऊन आला. मी घाबरलेली होते. त्या भरात मी तिच्यावर ओरडले, "कसली नाटके आता! तुला कोण बोलावणार आहे?" ती काही बोलली नाही. पिशवीतली डबी काढून पिना मोजत बसली. त्या वाक्याचा मला आजही पश्चात्ताप आहे, आणि हे पत्र लिहिण्यामागे तो आहेच.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये एका केअर होममध्ये वृद्धांची देखभाल करते. आपल्या गोव्यातल्या कितीतरी बायका तिथे हे काम करतात. तिने मला सांगितले, ग्लेंडा जॅक्सनचे 'एलिझाबेथ इज मिसिंग' बघ. एमा हीली हिच्या 2014 च्या कादंबरीवरून केलेले हे दूरचित्रवाणी नाट्य बीबीसीने डिसेंबर 2019 मध्ये दाखवले. आई झोपल्यावर लॅपटॉपवर, तीन रात्री तुकड्यातुकड्यांनी मी ते पाहिले.

ग्लेंडा जॅक्सन म्हणजे सत्तरच्या दशकात दोनदा ऑस्कर मिळवलेली नटी. 1992 मध्ये तिने अभिनय सोडला, ब्रिटिश संसदेत निवडून गेली आणि 2015 पर्यंत खासदार राहिली. मग परत आली. 2016 मध्ये, ऐंशीव्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात ती शेक्सपिअरचा किंग लिअर म्हणून उभी राहिली. 'एलिझाबेथ इज मिसिंग' आले तेव्हा ती 83 वर्षांची होती. त्या भूमिकेसाठी 2020 मध्ये तिला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला आणि दूरचित्रवाणीसाठीचा आंतरराष्ट्रीय एमीही. त्याच एमी समारंभात आपली 'दिल्ली क्राइम' सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली होती, त्यामुळे आपल्याकडच्या बातम्यांत साहजिकच त्या मालिकेचे कौतुक होते. जून 2023 मध्ये ग्लेंडा गेली.

पुरस्कारांचे हे मी थोडक्यात सांगितले. मला बोलायचे आहे ते तिच्या कामाबद्दल, कारण ते तुमच्या कामाचे आहे.

नाट्यातली आजी, मॉड, विसरू नये म्हणून चिठ्ठ्या लिहिते. खिशात चिठ्ठ्या, पर्समध्ये चिठ्ठ्या, घरभर चिठ्ठ्या. एलिझाबेथ ही तिची मैत्रीण कुठे दिसत नाही. मॉड ज्याला त्याला विचारत सुटते, एलिझाबेथ कुठे आहे? उत्तर मिळते, ते टिकत नाही, ती पुन्हा विचारते. आणि या प्रश्नाच्या तळाशी दुसरा एक प्रश्न आहे: महायुद्धानंतरच्या दिवसांत तिची थोरली बहीण सुकी नाहीशी झाली, तिचे काय झाले? आजचे घर आणि सत्तर वर्षांपूर्वीचे घर मॉडच्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. बघणाऱ्याला वाटते म्हातारी बरळते आहे. ती बरळत नसते. तिच्या हातात एक खरा धागा असतो, फक्त तो कुठून कुठे जातो हे ती कोणाला समजावून सांगू शकत नाही.

ग्लेंडाने काय केले? तोच प्रश्न मॉड पुन्हा विचारते तेव्हा ग्लेंडा तो प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारते. तिच्या चेहऱ्यावर आधीच्या वेळेची खूण नसते. कंटाळा येतो तो समोरच्या माणसाला. मॉडला प्रश्न ताजा, निकडीचा असतो. हे नटांना मी सांगायला हवे असे नाही. शंभराव्या प्रयोगातही वाक्य आत्ता सुचल्यासारखे आले पाहिजे, हे तुम्हीच पोरांना तालमीत शिकवता. आमच्या मांडवातल्या त्या आजोबांनी पाचवा प्रश्न पाचवा म्हणून विचारला, म्हणून हशा आला. तो पाचव्या वेळीही पहिला म्हणून विचारला असता, तर मांडव गप्प झाला असता. फरक एवढाच आहे, आणि तो अभिनयातला फरक आहे.

दुसरे म्हणजे, तिने मॉडला गरीब गाय केले नाही. मॉड चिडते, टाकून बोलते, लेकीला दुखावते, हट्टाला पेटते. तिला बघून मला आईची फणी आठवली. रडवण्यासाठी केलेली म्हातारी आणि हसवण्यासाठी केलेला म्हातारा, दोघांनाही आपण बाहेरून बघतो. सून काय सोसते, मुलगा किती थकला, डॉक्टर काय म्हणाले. त्या माणसाला आतून काय दिसते आहे, हे कोणी विचारत नाही. ग्लेंडा आत जाऊन बसली. मला तीन रात्रींत जे समजले ते सहा वर्षांत समजले नव्हते: पाच वाजता माझी आई भ्रमिष्टपणा करत नसते, ती कामाला निघालेली असते.

मराठीत हे कोणी केलेच नाही असे नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित उभे केले, आणि त्याच चित्रपटासाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. पण 'अस्तु' आमच्या गावच्या मांडवात येत नाही. तिथे तुम्ही येता. आमच्या गावात वर्षाला एक तरी नाटक होतेच, आणि त्या रात्री सगळ्या वाड्यांवरची माणसे एका ठिकाणी बसतात. एवढी माणसे एका वेळी एवढा वेळ कोणाचे ऐकत नाहीत. डॉक्टरचे नाही, सरकारचे नाही.

आणि ऐकण्याची गरज आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या गोव्यातच केलेला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे की लोक ही लक्षणे ओळखतात, पण त्याला आजार मानत नाहीत. म्हातारपण म्हणतात, किंवा मुलांनी प्रेम दिले नाही, हेळसांड केली म्हणून असे झाले म्हणतात. त्याला आता पंचवीस वर्षे होत आली, तरी शेजारणीने मला अगदी हेच ऐकवले आहे. "तू शाळेत जातेस ना दिवसभर, एकटी पडली बिचारी." कोणी म्हणते पिशी, म्हणजे वेडी, झाली. कोणी म्हणते साठी बुद्धी नाठी. या म्हणीपायी आम्ही दोन वर्षे डॉक्टरकडे गेलो नाही. बी-12 जीवनसत्त्व कमी असले, थायरॉइड बिघडले, खोल नैराश्य आले, तरी माणूस असाच विसरू लागतो, आणि ते उपचाराने सुधारू शकते, हे मला कोणी तेव्हा सांगितले असते तर मी लगेच तपासण्या केल्या असत्या. आईच्या बाबतीत निदान वेगळे निघाले. पण दुसऱ्या कोणाच्या आईच्या बाबतीत तसे निघणार नाही कदाचित.

2023 मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की भारतात साठीपुढच्या माणसांत 7.4 टक्क्यांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. गोव्यात तर 2011 च्या जनगणनेतच साठीपुढची माणसे 11 टक्क्यांच्या वर होती. केरळ सोडले तर एवढे वयस्क राज्य दुसरे नव्हते. तुमच्या मांडवात म्हाताऱ्याच्या प्रवेशाला माणसे हसतात तेव्हा काही खुर्च्यांवर हसू न येणारी माणसे बसलेली असतात. ती उठून ओरडत नाहीत एवढेच.

आईला जुने कसे आठवते, असे लोक मला विचारतात. सोपे करून सांगायचे तर मेंदूत नव्या गोष्टी टिपून ठेवणारी जागा आधी खराब होते. नवी नक्कल लिहिली जात नाही. जुन्या नकला कपाटात बराच काळ शाबूत राहतात, त्यातही गाणी आणि हातांच्या सवयी अधिक. आई मला ओळखत नाही त्या दिवशीही मी तिच्या एखाद्या जुन्या प्रवेशाचा पहिला शब्द उच्चारला आणि थांबले, तर पुढची पाच-सहा वाक्ये ती सलग म्हणते, पदराचा काठ मुठीत धरून, आवाज मागच्या रांगेपर्यंत जाईल असा. मग मी तिला जेवू घालतानाही तेच करू लागले. "आई, जेव" म्हटले की ती चिडायची. आता ताट मांडते, तिच्या हातात घास देते आणि थांबते. हात पुढचे करतो. तिला दुरुस्त करायचे नाही, शब्द द्यायचा. पाच वाजता ती पिशवी घेऊन बसते तेव्हा मी म्हणते, "आज कुठले गाव?" ती गावाचे नाव सांगते, रस्ता सांगते, तिथला हार्मोनियमवाला कसा होता ते सांगते, आणि दिवेलागण होईपर्यंत वेळ बरा जातो.

हे मला कोणी आधी शिकवले असते तर, असे सारखे वाटते. शिकवता येते हे गोव्यातच सिद्ध झाले आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आपल्या दोन तालुक्यांतली 81 कुटुंबे होती. फार शिकलेले डॉक्टर नव्हे, थोडे प्रशिक्षण दिलेले सल्लागार घरोघरी गेले, आजार काय आहे ते समजावले, वागणे कसे हाताळायचे ते सांगितले. त्यांच्या मागे समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ होते. एवढ्यानेच सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला दिसला.

म्हणून माझे मागणे. हसूच नका असे मी म्हणत नाही. आमच्या घरात आम्ही आईबरोबर हसतो, मॉडही कितीदा हसवते. पण विसरणे हाच विनोद असलेला प्रवेश संहितेत असेल तर तो काढा, किंवा नटाला प्रश्न पहिल्यांदा विचारायला लावा आणि मग बघा तो प्रवेश कुठे जातो.

लेखकांनो, एक नाटक अशा विसरणाऱ्या बाईच्या डोक्याच्या आत बसून लिहा. जे ग्लेंडाच्या नाट्याला कॅमेऱ्याने करावे लागले ते रंगमंचावर तर हाताशीच आहे. एका दारातून सून यावी, दुसऱ्या दारातून पन्नास वर्षांपूर्वीचा मेकअपमन, आणि मधे बसलेल्या बाईला दोघेही तितकेच खरे असावेत. विंगेतून येणारा प्रॉम्प्टरचा आवाज आपल्या गावच्या नाटकांत पहिल्या दोन रांगांना ऐकू येतोच. तो लपवू नका, त्यालाच पात्र करा.

आणि ते काम वय झालेल्या बाईला द्या. स्पर्धेच्या नाटकांत तिशीच्या मुलीच्या केसांना पांढरी पावडर लावून आजी करतात, आणि तीस-तीस वर्षे गोव्याचा रंगमंच पेललेल्या बायका प्रेक्षकांत बसून बघतात. त्यांना रात्री अकराची तालीम झेपत नाही, दुपारी ठेवा. न्यायला गाडी पाठवा. पाठांतर सुटले तर विंगेत शब्द देणारे माणूस ठेवा आणि परीक्षकांनी त्याचे गुण कापू नयेत. स्पर्धा भरवणाऱ्यांना हे एका नियमाने करता येईल.

प्रयोग संपल्यावर पडदा पाडण्याआधी दोन मिनिटे द्या. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे, मानसोपचार संस्था आहे, तिथे दाखवता येते, रक्ताच्या साध्या तपासण्या आधी कराव्यात, एवढेच कोणीतरी सांगावे. कडेला चार खुर्च्या आमच्यासारख्यांसाठी ठेवाव्यात, जिथून गाजावाजा न होता उठून जाता येईल.

आईच्या नकला एका पत्र्याच्या पेटीत आहेत. शाई फिकी झाली आहे, काहींना वाळवी लागली, पण बऱ्याच वाचता येतात. कोणाला लिहायचे असेल, कोणा नटीला हे काम समजून घ्यायचे असेल, तर आमच्या घरी या. पाचच्या सुमारास या. ती पावडर लावून बसलेली असेल. गाडी घेऊन आलात तर ती तुम्हाला काही विचारणार नाही, पिशवी घेऊन सरळ पुढच्या सीटवर बसेल. देवळापर्यंत एक फेरी मारून आणलीत तरी पुष्कळ आहे.

आपली नम्र,
नाटकात काम करणाऱ्या एका बाईची मुलगी
फोंडा तालुका, गोवा